ट्रॅक्टरवरच्या माणसाले बी सावली लागते



मागच्या आठवड्यात उन्हाळी नांगरटीचे फोटो टाकले होते. त्यात ट्रॅक्टरच्या हूडवर पांढरा रंग आणि सीटच्या बाजूला ओलं पोतं लटकलेलं पाहून दोघा-चौघांनी फोन करून ईचारलं, "काहो भाऊ, ट्रॅक्टर आहे का रसवंती?" मी पण हसलो. पण ते पोतं का बांधलं याच्यामागं एक गोष्ट आहे, ती आजपर्यंत लिहिली नव्हती. आज लिहितो. जरा लांब होईल, दुपारी झाडाखाली बसून वाचा.

२०२४ चा मे महिना. नवतपा लागून दुसरा दिवस. आमचा ड्रायव्हर माझ्याकडं अकरा वर्षांपासून आहे. वय चाळीसच्या आसपास, काटक माणूस. त्याचं तास म्हणजे दोरी लावून ओढल्यासारखं सरळ. त्या दिवशी गावातल्याच एका कास्तकाराच्या वावरात पल्टी नांगर चालू होता. दुपारी दोन-अडीच वाजता मी डिझेलची कॅन घेऊन गेलो, तर धुऱ्यावरूनच दिसलं की तास वाकडं गेलं आहे. एक नाही, तीन-चार तासं, सापासारखी. मला पहिला राग आला. मनात म्हणलं, रात्री घेतली असंल यानं. जवळ जाऊन बोललो पण तसंच. तो काहीतरी उत्तर देत होता, पण शब्द जिभेवर अडकत होते. मग ट्रॅक्टर वळवताना धुऱ्यावर चढवला, क्लच दाबला, आणि स्टेअरिंगवरच डोकं टेकलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं गरम आणि कोरडं.

कॅनमधलं पिण्याचं पाणी सगळं अंगावर ओतलं, निंबाखाली ओढत नेलं, दुपट्ट्यानं वारा घातला, मोटरसायकलवर मधात बसवून नेलं. दवाखान्यात चार दिवस राहिला. डॉक्टर म्हणाले, अंगातला ताप १०४ च्या वर होता, अजून अर्धा तास गेला असता तर किडनीवर आलं असतं. त्यानं त्या दिवशी दारू घेतली नव्हती. महिनाभरापासून घेतली नव्हती, हे त्याच्या घरच्यांनी सांगितलं. मी त्याला जे बोललो ते त्याला आठवत नाही म्हणतो. मला आठवते.

त्या दिवशी माझ्या ट्रॅक्टरवर काय होतं ते सांगतो. बारा हजाराचा डेक आणि दोन मोठे बॉक्स होते. समोर चार एलईडी होते. बोनेटवर झालर होती. आणि डोक्यावर होता काळ्या रेक्झिनचा हूड, तो पण फाटका. म्हणजे गाण्यावर बारा हजार आणि सावलीवर काहीच नाही. हे माझ्या एकट्याचं नाही, गावात फिरून पाहा, दहापैकी आठ ट्रॅक्टर असेच दिसतील.

आता आपल्या भागातली गोष्ट अशी आहे की ट्रॅक्टरचं सगळ्यात जड काम येतेच मुळी एप्रिल-मे मध्ये. पऱ्हाट्या काढल्या, हरभरा-गहू निघाला, की नांगरटी. कृषी विद्यापीठवाले आणि कृषी सहाय्यक दरवर्षी सांगतात, खोल नांगरटी करा, जमीन तापू द्या, बोंडअळीचे कोष वर येऊन उन्हानं मरतात, पक्षी वेचतात, हरळी-कुंद्याच्या काश्या वाळतात. सल्ला अगदी बरोबर आहे, मी स्वतः पाळतो. पण ज्या उन्हात कोष मरतो त्याच उन्हात एक माणूस आठ-दहा तास इंजिनामागं बसला आहे, त्याच्याबद्दल एक ओळ कोणत्या शिफारशीत आली तर बरं होईल. या पेजवर कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले साहेब लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि वर्धेचा पारा ४५ म्हणून टीव्हीवर येतो तो काही ट्रॅक्टरवरचा नसतो. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, जाळीच्या लाकडी पेटीत असतो, सावलीत, जमिनीपासून चारेक फुटांवर. ट्रॅक्टरवरच्या माणसाला वरून ऊन, खालून तापलेला गिअरबॉक्स, आणि समोरून इंजिनाची झळ. रेडिएटरचा पंखा समोरून हवा ओढतो, ती पाणी थंड करते, मग इंजिनावरून घासत मागं येते आणि सरळ ड्रायव्हरच्या मांड्यांवर आणि छातीवर. उभा सायलेन्सर असला तर त्याची झळ वेगळी. मी एक साधा डिजिटल थर्मामीटर आणून सीटच्या पाठीला बांधला होता. कोठ्याच्या सावलीत ४३ असताना ट्रॅक्टरवर ५० च्या खाली आलाच नाही.

वाऱ्याचा पण एक खेळ आहे, ज्यानं नांगर चालवला त्याला माहीत असंल. वाऱ्याच्या तोंडावर गेलं की इंजिनाची सगळी झळ अंगावर येते. पाठवारा असला की झळ पुढं जाते, पण नांगराची धूळ अंगावर येते. वारा आडवा लागला तरच बरं. पण तास काही आपण वाऱ्याकडं पाहून धरत नाही, उताराला आडवं धरतो. म्हणजे तिथं पर्याय नाही.

लोक म्हणतात, एसी केबिनचा ट्रॅक्टर घ्या. घ्या ना, कोण नाही म्हणते. अमेरिकेत जॉन डिअरनं बंद, थंड होणारी साउंड-गार्ड केबिन आणली ती १९७२ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी आपले बापजादे दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडत होते, त्या वर्षी तिकडचा शेतकरी काचेच्या खोलीत बसून नांगरत होता. आता आपल्याकडं पण महिंद्रा, जॉन डिअर, सोनालिका, न्यू हॉलंड सगळ्यांचे एसी केबिनवाले मॉडेल मिळतात. नागपूरच्या अ‍ॅग्रोव्हिजनमध्ये मी अशा एका ट्रॅक्टरमध्ये बसून पाहिलं. दार लावलं की बाहेरचा गोंगाट बंद, धूळ बंद. उतरू वाटत नव्हतं, मागं रांग लागली म्हणून उतरलो.

पण हे सगळे मॉडेल बहुतेक पन्नास एचपीच्या वरचे. आपल्याकडं चालतात पस्तीस ते पंचेचाळीसवाले. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, तीन ते पाच एचपी तोच खातो. साठ एचपीच्या ट्रॅक्टरला ते समजत नाही, चाळीसवाल्याला काळ्या कन्हारीत पल्टी ओढताना लगेच समजते. दुसरं, केबिनची उंची. कारंजा, आष्टी, आर्वीकडं संत्र्याच्या बागा आहेत, तिथं साधा हूडसुद्धा काढून ठेवावा लागतो, केबिन घेऊन कुठं शिरणार? आणि भाव तर सांगायलाच नको. एवढा पैसा गुंतवून भाड्यानं चालवायचा, आणि गिऱ्हाईक बिनाकेबिनच्या भावातच मागणार.

काही जण बाहेरून लोखंडी-काचेची केबिन बसवून घेतात, एसी नसलेली, आतमध्ये एक छोटा पंखा. माझ्या मावसभावानं बसवली होती. हिवाळ्यात राजा, उन्हाळ्यात भट्टी. काचेतून ऊन आत येते, सीट आणि पत्रा तापतो, आणि ती गरमी काचेतून परत बाहेर निघत नाही. उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये बसल्यावर जे होते तेच, आणि इथं खालून इंजिन आणखी. त्यानं मार्च संपायच्या आत दोन्ही दरवाजे आणि मागची काच काढून कोठ्यात ठेवली. म्हणजे राहिला काय, तर हूडच. ज्याला एसी लावायचा नाही त्यानं केबिन बंद करायच्या भानगडीत पडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

केबिन घेऊन फवारणी करायचा विचार असला तर आणखी एक. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते कोणी विसरलं नसंल. एसी केबिन म्हणजे औषधापासून बचाव असं समजू नका. साधा फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही, त्याला कोळशाचा वेगळा फिल्टर लागतो. युरोपात केबिनचे चार वर्ग केले आहेत. त्यात फक्त चौथ्या वर्गाची केबिन धूळ, तुषार आणि वाफ तिन्ही अडवते. आपल्याकडं विकणाऱ्याला वर्ग ईचारला तर तो तुमच्या तोंडाकडं पाहतो.

मग आम्ही काय केलं? २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरुवात केली. (त्या वर्षी मे महिन्यातच पावसानं धिंगाणा घातला, म्हणून अर्धे प्रयोग राहून गेले, ते यंदा केले.)

पहिले हूड. रेक्झिन फेकलं, पत्र्याचा हूड बसवला. पत्रा उन्हात तापून खाली डोक्यावर झळ मारतोच. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर हजारेक वॅट पडतात. पाणी तापवायची हजार वॅटची कांडी घरोघरी आहे, हूड जवळपास दोन चौरस मीटरचा, म्हणजे डोक्यावर दोन कांड्या चालूच आहेत असं समजा. वरून पांढरा रंग दिला तर बरंच ऊन परत जाते. मग खालून गोदामाच्या पत्र्याखाली लावतात ती चंदेरी फोमची शीट लावली, पण पत्र्याला चिकटवून नाही. मध्ये लाकडी पट्ट्या देऊन दीड इंचाची फट ठेवली, पुढून-मागून उघडी, म्हणजे वारा मधून खेळते. आधी हूडच्या खालच्या बाजूला दुपारी हात टेकवत नव्हता, आता खुशाल टेकवतो. थर्माकोल लावू नका, ठिणगी पडली की पेटते.

ही काही माझी अक्कल नाही. सेवाग्रामची बापू कुटी आपल्याच जिल्ह्यात आहे, उन्हाळ्यात एकदा जाऊन बसा. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. गांधीजी १९३६ ला तिथं आले तेव्हापण वर्धेचा उन्हाळा हाच होता. आपल्या जुन्या घरात पण कवेलूखाली ताट्या असायच्या. आता स्लॅब आणि पत्रे आले आणि आपण ते विसरलो.

दुसरं, समोरची झळ. बोनेट आणि डॅशबोर्डच्या मध्ये जी फट असते तिथून गरम हवा येते. तिथं एक पत्र्याचा आडोसा वाकवून बसवला, म्हणजे हवा खाली आणि बाजूला वळते. वेल्डिंगवाल्यानं तासाभरात करून दिला. रेडिएटरच्या समोरची किंवा बाजूची वाट अजिबात बंद करायची नाही, नाहीतर माणूस थंड आणि इंजिन गरम असं होईल. पायाखाली रबरी मॅट टाकली. सीटचं काळं रेक्झिन झाकायला घरच्या जुन्या लुगड्याची वाकळ शिवून घेतली.

आणि एक बिनपैशाचं काम, रेडिएटरची जाळी साफ करणे. हरभरा-सोयाबीनच्या थ्रेशरचं कुटार जाळीत बसते, इंजिन जास्त तापते, आणि ती सगळी गरमी मागं माणसावर. आमची जाळी त्या मे महिन्यात अर्धी बुजलेली होती. हे मला दवाखान्यातून आल्यावर, ट्रॅक्टर धुताना समजलं.

आता ते पोतं. आपल्या एप्रिल-मेच्या हवेत ओलावा नसतोच, म्हणून घरचा कूलर चालतो. त्याच हिशोबानं ज्या बाजूनं वारा येते त्या बाजूला हूडच्या पाईपला ओलं बारदान बांधलं. वर पाच लिटरची कॅन, तिला सलाईनची नळी, थेंब-थेंब पाणी. त्यातून येणारा वारा एकदम गारेगार लागते असं नाही, पण झळ मोडते. सीटवरचा पारा ५० वरून ४४-४५ वर आला. अडचणी पण सांगतो. धुळीनं बारदानाचा चिखल होतो, रोज धुवावं लागते. नजरेच्या आड येऊ द्यायचं नाही, सायलेन्सरपासून हातभर दूर ठेवायचं. कॅन रिकामी होऊन पोतं वाळलं आणि त्यावर डिझेल सांडलेलं असलं तर ते पेटू शकते. आणि मृग लागला की काढून टाका, पावसाळी हवेत त्याचा काही उपयोग नाही, उलट घामाघूम होते.

बॅटरीवरचा छोटा पंखा पण लावला. डेक काढला, त्याच वायरवर. आपल्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बहुतेक ३६ अ‍ॅम्पिअरचा असतो, पंख्याचं त्याला ओझं नाही. पोरगं म्हणालं, "बाबा, डेक कायले काढता, दोन्ही चालते ना." चालते. पण तो डेक पाहिला की मला तो दिवस दिसते, म्हणून काढला.

हे सगळं मिळून रंग, शीट, पत्रा, मजुरी धरून चार हजाराच्या आत बसलं. हूडचे वेगळे. एवढ्यासाठी एक माणूस मरता मरता वाचायची वाट पाहायची गरज नव्हती.

पण खरं सांगू का, या सगळ्या जुगाडानं दुपार टळत नाही. ४४ म्हणजे काही थंड नाही. त्यामुळं यंदा मी नियम केला, सकाळी अकरा ते साडेचार ट्रॅक्टर झाडाखाली. पहाटे चारला निघायचं, अकराला बंद, परत साडेचार ते रात्री नऊ-दहा. रात्रीच्या कामालापण धोका आहेच. आपल्याकडं बिनाकठड्याच्या विहिरी काय कमी आहेत? म्हणून नवीन वावर असलं तर दिवसा मालकासोबत एक चक्कर मारायची, विहीर, बोअर, दगड, खुंटं, सगळ्याजवळ चुन्याची खूण. त्याशिवाय रात्री नांगर लावायचा नाही.

याचा तोटा काय झाला ते पण लिहितो. रोजचं दोन-अडीच एकर काम कमी झालं. दोन गिऱ्हाईक गेले. एक म्हणाला, "भाऊ, आभाळ येऊन राह्यलं, आजच्या आज करून दे, नाई तं मी दुसऱ्याले सांगतो." सांगितलं त्यानं दुसऱ्याला. तो दुसरा दुपारी एक वाजता नांगरत होता, डोक्यावर फक्त टोपी. मी रस्त्यानं जाताना पाहिलं. माझा नियम पाळून माझा ड्रायव्हर वाचला, पण त्या पोराचं काय?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे एकट्यादुकट्यानं होणारं काम नाही. पाडव्याला जसं सालदाराचं साल ठरते, तसं गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं पाहिजे की एप्रिल-मे मध्ये दुपारी कोणाचाच नांगर चालणार नाही. मग गिऱ्हाईक जाईल कुठं? आणि वावराच्या मालकानं पण समजून घ्यावं, दोन दिवस उशिरा नांगरून जमीन काही पळून जात नाही. ज्याला दुपारीच पाहिजे त्यानं जास्तीचा भाव द्यावा, असं एक जण म्हणाला. मला ते पटलं नाही. भाव जास्त मिळाला की मालक ड्रायव्हरला दुपारीच पाठवंल, आणि तो जास्तीचा पैसा ड्रायव्हरच्या हातात येईलच याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट सरकारची. केंद्र सरकारनं नियम केला, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची. चांगला नियम आहे, ट्रकवाल्याचे हाल आपण पाहतो. पण ट्रॅक्टर त्यात नाही. माझी अशी मागणी नाही की प्रत्येक ट्रॅक्टरला एसी द्या, त्याचा खर्च शेवटी आपल्याच बोडक्यावर बसंल. पण दुहेरी छताचा हूड, पांढरा किंवा फिका रंग, ड्रायव्हरच्या समोर झळ अडवणारा पत्रा, आणि सायलेन्सर खालून काढलेला, एवढं कंपनीनं कारखान्यातूनच द्यावं. महाडीबीटीवर ट्रॅक्टरला अनुदान देता तर त्यात अट टाका, हूड नसलेल्या ट्रॅक्टरला अनुदान नाही. लोखंडी चौकट चांगली असली तर ट्रॅक्टर उलटल्यावर पण माणूस वाचतो, ते वेगळंच.

ज्यांचे ड्रायव्हर उन्हात आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. मठ्ठा, आंब्याचं पन्हं, मीठ-साखरेचं पाणी कॅनसोबत ठेवा. खिशात कांदा ठेवायचा असला तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बोलणं अडखळलं, उगाच चिडचिड केली, चाल डगमगली, तर आधी सावली, मग अंगावर पाणी आणि वारा, आणि त्याच वेळी गाडीची सोय. शुद्धीत नसला तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि तास वाकडं दिसलं तर शिव्या देण्याआधी उतरवून अंगाला हात लावून पाहा.

आमचा ड्रायव्हर त्या वर्षी दसऱ्यानंतर कामावर आला. आता ऊन त्याला सोसत नाही, अकराच्या आधीच डोकं धरतो, म्हणून सकाळी तो आणि संध्याकाळी मी असं चालू आहे. पोतं ओलं करायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं आहे. परवा मला म्हणाला, "दादा, तो उभा सायलेन्सर तेवढा खाली करून घ्या, मंग बघा." मिस्त्रीला सांगून ठेवलं आहे. नवतपा लागायच्या आत बसवतो, आणि आधीचा-नंतरचा पारा इथंच टाकतो.